लमेत्र यांनी गाळलेला मजकूर

मार्च 1931मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या 'मंथली नोटिसेस'मध्ये जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूंचा चार वर्षं जुना शोधनिबंध इंग्रजीत आला. मूळ फ्रेंच निबंध 1927मध्ये ब्रुसेल्सच्या एका नियतकालिकात छापला होता, पण ते वाचणारे खगोलशास्त्रज्ञ फार थोडे. केंब्रिजमधले त्यांचे गुरू एडिंग्टन यांच्याकडेही एक प्रत गेली होती, पण ते विसरूनच गेले. आइनस्टाइन यांनी तर लमेत्र यांना तोंडावर सांगितलं, गणित बरोबर आहे, भौतिकी मात्र भयंकर!

विश्व प्रसरण पावतंय, म्हणून दीर्घिका जितकी दूर तितक्या वेगानं ती आपल्यापासून लांब जाते, हे लमेत्र यांनी समीकरणांतून दाखवलं होतं. शिवाय 42 दीर्घिकांची निरीक्षणं घेऊन दरही काढला होता: दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे 32.6 लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला 625 किलोमीटर. 1929मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी हाच दर सुमारे 500 दिला. (आजचा आकडा 70च्या आसपास. अंतरं दोघांचीही चुकली होती.) अंतर आणि वेगाच्या या नियमाला नाव मात्र हबल यांचं लागलं.

आणि इंग्रजी आवृत्तीतून नेमका हा दराचा हिशोबच गायब! 2011मध्ये यावर वाद पेटला. 'मंथली नोटिसेस'चे संपादक विल्यम स्मार्ट यांनी लमेत्र यांना लिहिलेल्या पत्रातला एक हस्ताक्षरातला आकडा काहींनी '72' वाचला. म्हणजे 72व्या परिच्छेदापर्यंतचाच मजकूर मागवून पुढचा मुद्दाम टाळला, असा संशय. हबल यांच्याकडेही बोट गेलं. मग खगोलभौतिकशास्त्रज्ञ मारियो लिव्हिओ यांनी सोसायटीचं दप्तर उपसलं. तो '72' नव्हे, इंग्रजी 'एन' होता, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे निबंध अखेरपर्यंत हवा होता. लमेत्र यांचं उत्तरही सापडलं. भाषांतर त्यांनीच केलं होतं आणि वेगांची ती तात्पुरती चर्चा आता पुन्हा छापण्यात अर्थ नाही, असं त्यांनीच कळवलं होतं.

मला हे पटतं. नवे आकडे हाती आल्यावर जुने कशाला छापायचे? श्रेयाची चिंता त्यांना नव्हती, ती पुढच्यांनी केली. 2018मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या मतदानात 78 टक्के मतं 'हबल-लमेत्र नियम' या नावाला पडली. त्याच्या पाच वर्षं आधी, 2013मध्ये, फ्रेंच निबंधाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर 'जनरल रिलेटिव्हिटी अँड ग्रॅव्हिटेशन'मध्ये आलं होतं, 625च्या हिशोबासकट.