केबलची चढाओढ आणि आपलें घर

चढाओढ वाढली कीं माल स्वस्त होतो व ग्राहकाचा मान वाढतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आपण सर्वांनीं शाळेंत घोकलेला असतो. धान्य, कापड, साबण यांच्या बाबतींत तो बहुतांशीं खराहि ठरतो. परंतु छपरावरून घरांत शिरणाऱ्या तारेला तो जसाच्या तसा लागू पडत नाहीं, असें केबल दूरचित्रवाणीच्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या इतिहासावरून दिसून येतें. हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या गृहस्थांपुरताच आहे असेंहि नाहीं. वाशीम जिल्ह्यांतील मानोरा तालुक्यांत इंझोरी म्हणून एक गांव आहे. सोयाबीन, तूर व कपाशी पिकविणाऱ्या वऱ्हाडांतील इतर गांवांसारखेंच. अशा गांवांतील घराला आज तारेनें, घरावरच्या डिशनें, सरकारी फुकट डिशनें आणि खिशांतील मोबाइलनें असें चार मार्गांनीं चित्र मिळूं शकतें. चार विक्रेते दारांत उभे असतां घरधन्याचें खरोखर काय साधतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेव्हां वाहिनी एकच होती. निवडीचा प्रश्न नव्हता आणि तंटाहि नव्हता. १९८० नंतरच्या दशकांत मुंबईच्या उंच इमारतींतून एक नवा उद्योग निघाला. एखाद्या खोलींत व्हिडिओ यंत्र ठेवावें, तेथून सर्व बिऱ्हाडांत तारा न्याव्या आणि रात्रीं ठरल्या वेळीं सिनेमा लावावा, एवढाच त्याचा व्याप. पुढें १९९१ च्या जानेवारींत आखाती युद्ध पेटलें व एका अमेरिकन वाहिनीनें तें जगाला घरबसल्या दाखविलें. त्याच वर्षीं स्टारच्या वाहिन्या आकाशांतून उतरूं लागल्या आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाली. गच्चीवर मोठी तबकडी बसविली कीं हें सारें पकडतां येई. जो तबकडी आणि तारेचीं भेंडोळीं विकत घेऊं शकला, तो केबलवाला झाला. कायदा मागाहून आला, १९९५ सालीं. त्यानें प्रत्येक केबलवाल्यास मुख्य टपालकचेरींत नोंदणी सक्तीची केली. पत्रें पोंचविणाऱ्या खात्यानें चित्रें पोंचविणारांची वही ठेवावी, हा योग मोठा मौजेचा! तो २०२५ च्या जानेवारीपर्यंत चालला. आतां ही नोंदणी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन होते.

मराठी घरांत तारेची खरी ओढ लागली ती १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी व पुढल्या वर्षीं ई-टीव्ही मराठी सुरू झाल्यावर. तोंपर्यंत केबल म्हणजे मुलांचा क्रिकेटचा नि सिनेमाचा शौक, असें वडील मंडळी म्हणत. संध्याकाळचा दिवा लागल्यावर आजी, सासूबाई व सुना एका मराठी मालिकेसाठीं एकत्र बसूं लागल्या, तेव्हां महिन्याचे केबलचे पैसे दुधाच्या व वर्तमानपत्राच्या पैशांबरोबर निमूटपणें बाजूला काढून ठेवले जाऊं लागले. ते न्यावयास येणारा माणूसहि परका नसे. तो गांवचाच, बहुधा घरांतल्या एखाद्या मुलाचा वर्गसोबती. तार तुटली कीं त्याच्या घरीं निरोप धाडावा आणि त्यानें शिडी घेऊन यावें. वऱ्हाडांत त्याला सगळे 'भाऊ' म्हणत आणि चहा घेतल्यावांचून जाऊं देत नसत.

पण या भाऊला प्रतिस्पर्धी कां नव्हता? याचें उत्तर तारेच्या हिशेबांत आहे. गांवांत तार ओढावयाची तर खांबांचा आधार, तार, वाटेंत चित्र मंद होऊं नये म्हणून ठिकठिकाणीं बसवावयाचे अँप्लिफायर आणि त्यांना लागणारी वीज, हा खर्च अटळ असतो. घरें दोनशें जोडलीं काय किंवा शंभर जोडलीं काय, तो फारसा कमी होत नाहीं. दुसऱ्यानें त्याच गल्लींत दुसरी तार आणली, तर उत्पन्न दोघांत विभागतें आणि खर्च मात्र दोघांनाहि पुरा पडतो. मग एकजण दुसऱ्याला विकत घेतो किंवा दोघे गल्ल्या वांटून घेतात. शहरांतून तिसराहि एक मार्ग पत्करला गेला, तो म्हणजे रात्रीं एकमेकांच्या तारा कापण्याचा. यांपैकीं कोणताहि शेवट झाला तरी ग्राहकाच्या हातीं निवड उरत नाहीं.

१९९५ च्या सुमारास मोठीं भांडवलें या धंद्यांत उतरलीं. झी समूहाची सिटी केबल, हिंदुजांची इन-केबल, रहेजांची हॅथवे अशीं नांवें मुंबईंत गाजूं लागलीं, आणि वर्तमानपत्रांनीं त्यांच्या युद्धाचीं रसभरित वर्णनें छापलीं. परंतु हें युद्ध चाले तें आळीआळींतील केबलवाल्याला आपल्या बाजूस वळविण्यासाठीं. तो एका कंपनीकडून दुसरीकडे गेला म्हणजे त्याच्या तारेवरचीं सगळीं घरें एका रात्रींत तिकडे जात. सकाळीं वाहिन्यांचे क्रमांक बदललेले दिसत, तेव्हां घरच्यांना कळे कीं मालक बदलला! ग्राहक हा त्या लढाईंतला मुलूख होता. त्याचें मत कोणीं विचारलें नाहीं. दुसऱ्या बाजूस वाहिन्यांचीहि तक्रार खोटी नव्हती. जुन्या पद्धतींत तारेवर घरें किती हें फक्त केबलवाल्यास ठाऊक असे, व तो तीं बरींच कमी करून सांगे. मग वाहिनीनें दर चढवावा, केबलवाल्यानें आंकडा आणखी घटवावा, आणि दोघांनींहि वाढीव दराचें खापर एकमेकांवर फोडावें, असा प्रकार वर्षानुवर्षें चालला.

खरी चढाओढ आली ती आकाशांतून. २००३ सालीं डिश टीव्हीनें घरच्या छपरावर बसणारी लहान डिश आणली. डिसेंबर २००४ मध्यें दूरदर्शनानें महिन्याचा एकहि पैसा न घेणारी डिश सुरू केली, तिलाच आज डीडी फ्री डिश म्हणतात. २००६ मध्यें टाटा स्काय निघाली, तिचें नांव आतां टाटा प्ले आहे. या डिशला खांब नको, गल्ली नको, शेजाऱ्याची परवानगी नको. शेतांतल्या एकट्या घरावरहि ती बसते. खेड्यांत तिचें स्वागत झालें त्याला विजेचा प्रश्नहि कारण होता. त्या वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत भारनियमन फार असे, आणि तारेचा असा दोष कीं ज्या खांबावर अँप्लिफायर त्या आळीची वीज गेली, कीं पुढच्या आळींत वीज असूनहि चित्र नाहीं. शिवाय वादळांत तार तुटावी, विजेच्या लोळानें अँप्लिफायर जळावा, छपरांवरून उड्या मारणाऱ्या वानरांनीं तिला झोंबावें, हीं संकटें वेगळींच. डिशला यांतील पुष्कळ चुकतें. पण तिचें वैर पावसाशीं. केबलवाल्याची मोठी तबकडी ज्या लहरी पकडते त्यांना पाऊस फारसा अडवीत नाहीं. घरावरच्या डिशच्या लहरी अधिक आखूड, त्यामुळें आषाढांतली जोराची सर आली कीं नेमकें महत्त्वाच्या प्रसंगीं चित्र गोठतें. ज्या घरांतील माणसें पावसाळ्यांत संध्याकाळीं घरींच असतात, त्यांनीं निवड करतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

यानंतर सरकारनें जुनी तार बंद करून सर्वत्र डिजिटल पद्धति सक्तीची केली. चार महानगरांसाठीं तिची मुदत २०१२ मधली होती, पुणें-नागपूर-नाशिकांसारख्या शहरांसाठीं २०१३ मधली, आणि इंझोरीसारखीं खेडीं शेवटच्या चौथ्या टप्प्यांत होतीं. त्यांची मुदत ३१ मार्च २०१७. आतां प्रत्येक घराला बॉक्स आला व घरें लपविणें संपलें. मग दूरसंचार नियामक प्राधिकरणानें (लोक याला 'ट्राय' म्हणतात) १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धति लागू केली. पहिल्या १०० वाहिन्यांच्या वहनासाठीं जास्तींत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. आणि पैशाची प्रत्येक वाहिनी तिच्या छापील किंमतीनें वेगळी. २०२० मध्यें त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या द्याव्या असें ठरलें, आणि घरांत दुसरा संच असल्यास त्याच्यासाठीं हा आकार ४० टक्क्यांहून अधिक घेऊं नये असा नियम झाला. भावाभावांच्या खोल्यांत वेगवेगळे संच असणाऱ्या एकत्र कुटुंबांना याचा लाभ घेण्याजोगा होता. पण कितीजणांनीं तो मागून घेतला?

या १३० रुपयांत गांवच्या भाऊचा वांटा किती, हेंहि पाहावें. मोठ्या कंपनीशीं त्याचा वेगळा करार नसेल तर ५५ टक्के तिला व ४५ टक्के त्याला, म्हणजे घरामागें ५८ रुपये ५० पैसे. समजा गांवांत त्याचीं दोनशें घरें आहेत. महिन्याचे ११,७०० रुपये झाले. त्यांतून वीज, तार, दुरुस्ती आणि एखाद्या पोऱ्याचा पगार. त्यांतलीं शंभर घरें डिशकडे गेलीं कीं उरले ५,८५० आणि तार तेवढीच लांब. अशा वेळीं तो शिडी घेऊन लगेच येत नाहीं, म्हणून उरलेलीं घरेंहि चिडून जातात. चढाओढीनें दर उतरला खरा, परंतु निरोप पोंचतांच धांवत येणारा माणूस त्या दराबरोबर गेला. डिशचा दुरुस्तीवाला बोलवावयाचा तर टेलिफोनवर आंकडे दाबावे, तक्रार नोंदवावी व वाट पाहावी. हें नुकसान कोणत्याहि दरपत्रकांत छापलेलें नसतें. घरांत म्हातारी माणसें असतील तर तें फार जाणवतें.

वाहिनीवार निवडीचें स्वातंत्र्य मात्र उत्तम होतें. आजोबांना बातम्या व शास्त्रीय संगीत, आजीला कीर्तन, सुनांना मालिका, मुलांना कार्टून, आणि क्रिकेट सर्वांना. अशी घरची यादी एका बैठकींत करून जेवढें पाहतों तेवढ्याचेच पैसे द्यावे, हा त्या नियमाचा हेतु. प्रत्यक्षांत पुष्कळ ठिकाणीं यादी झालीच नाहीं. लोकप्रिय वाहिन्यांनीं सुटी किंमत चढी ठेवली आणि गुच्छ स्वस्त केला, त्यामुळें पांच हव्या असतां वीस घेणें फायद्याचें वाटूं लागलें. केबलवाल्यानेंहि आपल्याच हातानें एक पॅकेज ठरवून सर्वांच्या बॉक्समध्यें घातलें, कारण दोनशें घरांच्या दोनशें याद्या सांभाळणें त्याला परवडत नव्हतें. ग्राहकानें आग्रह धरला असता तर त्याला देतां आलें असतें. तो आम्ही धरला नाहीं, आणि महाग झालें म्हणून कुरकुरत राहिलों.

आतां मुख्य अडचणीकडे येतों. मोबाइलची कंपनी बदलून नंबर तोच ठेवण्याची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे. तिनें कंपन्यांना ग्राहकाचा धाक बसविला. गिऱ्हाईक उद्यां जाऊं शकतें हें त्यांना कळलें. दूरचित्रवाणीच्या बॉक्सला ही सोय नाहीं. एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या सेवेवर चालत नाहीं. मग तो तुम्हीं पुरे पैसे मोजून विकत घेतलेला असो. सेवा बदलली कीं जुना बॉक्स माळ्यावर आणि नव्यासाठीं पुन्हां हजार-दीड हजारांची मागणी. तेवढ्यासाठीं पुष्कळ घरें नको असलेल्या विक्रेत्याकडेच राहतात. ट्रायनें एप्रिल २०२० मध्यें सर्वांचे बॉक्स परस्परांच्या सेवेवर चालावे अशी शिफारस केली. परंतु तसा बॉक्स अजून घरोघरीं आलेला नाहीं. चार विक्रेते दारांत असणें निराळें, आणि एकाला सोडून दुसऱ्याकडे जातां येणें निराळें. ज्या दिवशीं बॉक्स बदलावा लागणार नाहीं, त्या दिवशीं इंझोरीच्या ग्राहकाला मुंबईच्या ग्राहकाइतकेंच वजन येईल.

दरम्यान चौथा विक्रेता बाकीच्या तिघांचीहि गिऱ्हाइकें नेऊं लागला आहे. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओ सुरू झाल्यापासून मोबाइलवर चित्र पाहणें स्वस्त झालें. २०१८ मध्यें रिलायन्सनें हॅथवे व डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुसंख्य भाग घेण्याचा करार केला, आणि पुढल्या वर्षीं तिची फायबरची तारहि आली. २०२१ मध्यें देशांतील पैसे भरून चालणाऱ्या डिशचीं घरें सात कोटींच्या जवळ होतीं; २०२४ च्या अखेरीस तीं सहा कोटींच्या खालीं आलीं. कांहीं फुकट डिशकडे गेलीं, कांहीं मोबाइलकडे. घरांतील चित्र याबरोबर बदललें आहे : ओसरीवरचा संच आजी-आजोबांपुरता चालतो, आणि धाकटीं माणसें आपापल्या खोलींत हातांतल्या कांचेंत पाहतात. रिमोट कोणाचा यावरचीं भांडणें मिटलीं, हें खरें. पण मालिकेंतल्या सासूवर सून आणि सासू दोघी मिळून टीका करीत, ती मौजहि संपली. मला स्वतःला ती भांडणें परवडलीं असतीं.

गांवचा भाऊ मात्र अगदींच हरलेला नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तोच आतां इंटरनेटची तार घेऊन येतो, कारण खांब, शिडी व घरोघरची ओळख हें भांडवल त्याच्यापाशीं आधींपासून आहे. तो आला किंवा दुसरा कोणी नवा विक्रेता आला, तरी होकार देण्यापूर्वीं कांहीं गोष्टी विचाराव्या. बॉक्स आमचा कीं तुमचा, आणि सोडून गेलों तर अनामत परत मिळेल काय? बिघाड झाल्यास कोण येणार व किती दिवसांत? दुसऱ्या संचाचा आकार किती? जुलै २०२४ पासून वहनाच्या आकारावरील १३० रुपयांची कमाल मर्यादा ट्रायनें काढून घेतली आहे, तेव्हां हा आकडा आतां प्रत्येक कंपनी आपला ठरविते. तो स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावा. दर महिन्यास पावती मागावी. सांगितलेल्या दरांत १८ टक्के कर धरलेला आहे कीं तो वर पडणार, हें तिच्यावरच कळतें.