वाळूवाला, खिडकीवाला आणि मी

‘घर पाहावं बांधून’ ही म्हण आमच्या आजीच्या तोंडी सतत असे. तिचा अर्थ मला कळला तो २०१९ साली, निवृत्तीनंतर पुण्याबाहेर छोटेसे घर बांधायला काढले तेव्हा!

मजुरी गवंड्याची, माल माझा, असे ठरले होते. वाळूवाला नेमका आमच्या गावचा निघाला. “साहेब, आपल्यात कागद कशाला?” तो म्हणाला आणि मी विरघळलो. सगळे पैसे आगाऊ दिले. ठरल्या दिवशी वाळू आली नाही. गवंडी बसून राहिले आणि पन्नास किलोच्या सिमेंटच्या पोत्यांचे पावसाळी हवेने धोंडे झाले. शेवटी ट्रक आला, तोही कमी भरलेला. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे मला ठाऊक होते. पण ट्रक रिकामा होण्यापूर्वी टेप लावायची असते, हे कुणाला ठाऊक? भांडण झाले. पैसे गेले आणि गावचा माणूसही तुटला.

शेजारचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, “अहो, महिन्याभरानं दोघांच्याही आठवणी वेगळ्या होतात. माल कोणता, माप कसं, तारीख कुठली, पैसे केव्हा, एवढं तरी लिहून घ्या. उशिराची भरपाईसुद्धा लिहा.” १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे अशी लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, कोर्ट तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देते.

खिडक्यांच्या वेळी मी शहाणा झालो होतो. कागद केला, पैशांचे हप्ते पाडले, आठवडाभर आधी कारखान्यात चक्कर मारली. खिडक्या वेळेवर आल्या. आता पाळी माझी. आणि मीच शेवटच्या हप्त्याला “पुढच्या आठवड्यात” म्हणू लागलो! दिवाळीच्या तोंडावर तो दारात उभा. “काका, पोरांचा बोनस अडकलाय हो.”

“वाळूवाल्यानं आपल्याला अडवलं, ते काय निराळं होतं?” सौ. आतून म्हणाली.

नोंदलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. पण माझा निकाल घरातच लागला होता. तिथल्या तिथे चेक लिहिला.

पुढच्या पावसाळ्यात एका खिडकीतून पाणी झिरपले. फोन करताच तो रविवारी स्वतः आला, रबर बदलून गेला. पैसे घेतले नाहीत; चहा मात्र दोनदा घेतला. हे कलम आमच्या कागदात नव्हते.