सेवेपूर्वीं अध्ययन

जालना जिल्ह्यांतील जांब गांवीं १६०८ सालीं समर्थ रामदास जन्मले. पुढें दासबोधांत त्यांनीं लेखनक्रियेस एक स्वतंत्र समासच दिला. योगायोग असा, कीं त्याच वर्षाच्या डिसेंबरांत गोव्यांतील फादर थॉमस स्टीफन्स हे रोमला पत्र लिहून देशी लिपींत ग्रंथ छापण्याची अनुज्ञा मागत होते. लोकांची भाषा आल्यावांचून धर्मगुरूची सेवा त्यांच्यापर्यंत पोंचावी कशी? १५७९ सालीं आलेले हे इंग्रज जेझुइट मराठी व कोंकणी शिकले. त्यांचें सुमारें ११,००० ओव्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं निघालें, पण रोमन लिपींतच. कोंकणी व्याकरण त्यांच्या पश्चात् १६४० सालीं राचोलला छापलें. १६८४ सालीं मात्र राज्यकर्त्यांनीं फर्माविलें, कीं लोकांनींच तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावें. अध्ययनाचा भार उपदेशकावरून श्रोत्यांवर गेला.