मिझेरिकॉर्दिया : दयेचा हिशेब ठेवणारा बंधुसंघ

कॅथलिक परंपरेत धर्मगुरू वा संन्यासी न होता, संसारात राहूनच सेवा करू इच्छिणाऱ्या श्रद्धावंतांनी नियमबद्ध रीतीने चालवलेल्या मंडळाला बंधुसंघ म्हणतात. भारतात आलेल्या अशा संघांपैकी अग्रगण्य म्हणावा लागेल तो ‘सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया’, म्हणजे दयेचे पवित्र घर. वास्को द गामा कालिकतला पोहोचला त्याच १४९८ साली, १५ ऑगस्टला, पोर्तुगालची विधवा राणी लिओनोर हिच्या आश्रयाने तो लिस्बनमध्ये स्थापन झाला; १५१०मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकल्यावर साधारण दशकभरात तो तेथे रुजला आणि पुढे चौल व वसई येथेही त्याची घरे उभी राहिली.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगर जवळून पाहणाऱ्या धर्माबादच्या वाचकाला अन्नदानामागील धर्मभावना नव्याने सांगण्याची गरज नाही. मिझेरिकॉर्दियाने मात्र अन्नदानापुरते न थांबता दयेची चौदा कृत्ये आपले कर्तव्य मानली होती. त्यांपैकी सात शरीराची होती: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची सुटका आणि मृताचे दफन; उरलेली सात उपदेश, सांत्वन, क्षमा, प्रार्थना अशी आत्म्याची होती. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला वधस्थळापर्यंत सोबत करणे आणि त्याच्या देहाला मूठमाती देणे हे कामही बंधू करीत, आणि समाजाने टाकलेल्या माणसाचा शेवट एकाकी होऊ न देणारे हे व्रत संघाच्या सर्व कार्यांत श्रेष्ठ ठरावे.

एवढ्या सेवेला पैसा कोठून येई, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. होर्मुझपासून मलाक्कापर्यंत सैनिक आणि व्यापारी घरापासून दूर मरत, आणि त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था मृत्युपत्रानुसार मिझेरिकॉर्दियाकडे येई. संघ मालाचा लिलाव करी, देणी फेडी आणि उरलेली रक्कम हुंडीद्वारे पोर्तुगालमधील वारसांपर्यंत पोहोचवी. शिवाय मृत्युपत्रांत गोरगरिबांसाठी वा अनाथ मुलींच्या हुंड्यासाठी ठेवलेल्या देणग्या त्याच्याच हाती राहत. महासागर ओलांडून परक्याचा पैसा त्याच्या विधवेला मिळणे ज्या हिशेबाच्या वह्यांमुळे शक्य झाले, त्या वह्यांना प्रार्थनेइतकेच मोल आहे. याच निधीवर राज्यकर्त्यांचीही नजर असे, आणि तिजोरी रिकामी झाली की गोव्याचे व्हाइसरॉय त्यातून कर्जे उचलीत.

ही दया सर्वांसाठी सारखी खुली नव्हती, हेही तितकेच स्पष्टपणे सांगायला हवे. सदस्यांत उमराव आणि कारागीर असे दोन दर्जे असत, प्रमुखपद उमरावांकडे जाई, आणि गोव्यातील स्थानिक ख्रिस्ती दीर्घकाळ संघाच्या बाहेर ठेवले गेले. धर्मांतराने आत्मा समान झाला असे सांगणाऱ्या व्यवस्थेनेच बंधुत्वाच्या दारात जन्म विचारावा, ही विसंगती क्षम्य नाही.

१७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील पोर्तुगीज संस्थांचा आधार संपला. गोव्यात मात्र रायबंदरच्या रुग्णालयाशी संघाचे नाव जोडलेले राहिले. संसारी श्रद्धावंतांच्या सेवेची ही परंपरा पुढेही चालू राहिली, पण १८३३मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीने वेगळी वाट धरली. रोझाली रांदू या सेवाव्रती भगिनीच्या मार्गदर्शनाखाली हे तरुण गरिबांच्या घरी स्वतः जाऊन बसू लागले, आणि त्याच पद्धतीने आज महाराष्ट्रातील अनेक धर्मग्रामांत, म्हणजे एका चर्चच्या कार्यक्षेत्रांत, या सोसायटीचे सदस्य गरजू कुटुंबांच्या घरी जातात.