पेठांचीं नांवें आणि शेलमधील शोध

पुण्यांतील पेठांच्या नांवांत दोन जाती स्पष्ट दिसतात. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार व शुक्रवार या सात पेठा वारांच्या नांवांच्या. कसबा, नारायण, सदाशिव, नाना, भवानी इत्यादि निराळ्या नांवांच्या. हा भेद आपण एका दृष्टिक्षेपांत ओळखतों. संगणकाकडून तो कसा ओळखून घ्यावा, याचा विचार येथें करूं.

संगणकास लेखी आज्ञा देण्याचें जें साधन, त्यास शेल म्हणतात. त्यांपैकीं ‘बॅश’ या प्रसिद्ध शेलच्या चौथ्या आवृत्तींत, म्हणजे २००९ सालीं, नांवावरून मूल्य काढून देणाऱ्या सारणीची सोय झाली. एखाद्या शाळेनें पेठवार विद्यार्थिसंख्या अशा सारणींत ठेविली आहे असें समजा. पेठेचें नांव ही किल्ली व संख्या हें मूल्य. ‘शनिवार’ ही किल्ली दिली कीं तिची संख्या तत्काळ हातीं येते.

आतां वारांच्या सर्व पेठांची बेरीज हवी आहे. शेलमध्यें * या तारकाचिन्हाचा अर्थ ‘कितीही व कोणतींही चिन्हें’ असा आहे. म्हणून ‘*वार’ हा नमुना आपणांस सुचतो. परंतु तो किल्लीच्या जागीं चौकोनी कंसांत लिहिला, तर शेल ‘*वार’ याच नांवाची किल्ली शोधतें, आणि ती नसल्यामुळें बहुधा मुकाट्यानें रिकामें उत्तर देतें. किल्लीच्या जागीं नमुना चालत नाहीं.

खरी रीति अशी. सारणीच्या नांवापूर्वीं उद्गारचिन्ह व नंतर चौकोनी कंसांत @ ही खूण घालून प्रथम सर्व किल्ल्या मागवाव्या. त्या कोणत्या क्रमानें येतील याची हमी नसते. मग एकेक किल्ली घेऊन, दुहेरी चौकोनी कंसांत, == या चिन्हाच्या डावीकडे किल्ली व उजवीकडे नमुना ठेवून ताडून पाहावी. जुळेल तिचेंच मूल्य बेरजेंत घ्यावें. नमुना मात्र अवतरणचिन्हांत घालूं नये. घातल्यास तारकेचें सामर्थ्य नाहींसें होऊन ती साधी खूण उरते.

? हें चिन्ह एकाच चिन्हाबद्दल येतें. येथें मराठी लिहिणाऱ्यानें विशेष सावध असावें. ‘शनिवार’ यांत आपण चार अक्षरें मोजतों. परंतु युनिकोड पद्धतींत वेलांटी व काना हीं स्वतंत्र चिन्हें असल्यानें शेल तेथें सहा मोजतें. त्यामुळें ‘???वार’ या नमुन्यास शनिवार, रविवार, सोमवार व बुधवार जुळतात. मंगळवार व गुरुवार यांत सात, आणि शुक्रवारांत आठ चिन्हें असल्यानें तीं तीन नांवें वगळलीं जातात.

याहून मोठी अडचण अर्थाची आहे. गुरुवार पेठेस पूर्वीं वेताळ पेठ म्हणत. कोणी जुन्या दप्तरावरून ‘वेताळ’ हीच किल्ली लिहिली असेल, तर ‘*वार’ तिला कधींच जुळणार नाहीं. नमुना अक्षरें पाहतो, इतिहास जाणत नाहीं. बेरीज येईल, ती नीटनेटकीही दिसेल. पण त्या संख्येवरून पुस्तकें वांटलीं तर एका पेठेचीं मुलें रिक्तहस्तें घरीं जातील.

म्हणून जुळलेल्या किल्ल्या मोजाव्या. सात असावयास पाहिजेत. आणि न जुळलेल्यांची यादीही छापून ती स्वतः वाचावी. शंभर मेंढरांतील हरवलेल्या एकाच्या शोधार्थ निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टांत आपण सर्वांनीं ऐकला आहे. त्यास तें हरवल्याचें कळलें, कारण त्यानें मोजणी ठेविली होती. शोधण्याचें काम यंत्रावर खुशाल सोंपवावें. कोण राहिलें हें पाहण्याचें काम आपलेंच आहे.