पेंडीच्या पोत्याची परीक्षा कोण घेणार?

ज्या व्यवहारात एका पक्षाच्या मालाची रोज कसून परीक्षा होते आणि दुसऱ्या पक्षाचा माल केवळ त्याच्या शब्दावर स्वीकारावा लागतो, तो व्यवहार समान पायावर उभा आहे असे म्हणता येणार नाही. आपल्याकडील दुग्धव्यवसायाची आज नेमकी हीच अवस्था आहे. गोठेवाला पहाटे दूध घेऊन संस्थेच्या केंद्रावर येतो, तेव्हा त्याच्या दुधाचा नमुना काढला जातो, फॅट मोजली जाते आणि जो आकडा येईल त्यावर त्याचा भाव ठरतो. याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. ग्राहकाला चांगले दूध मिळाले पाहिजे हे उघडच आहे. परंतु तोच गोठेवाला दुपारी दुकानातून पशुखाद्याचे पोते खांद्यावर घेऊन घरी जातो, तेव्हा त्या पोत्यात छापील चिठ्ठीवर लिहिलेली प्रथिने खरोखर आहेत की नाहीत, त्या पेंडीला बुरशीचे विष लागले आहे की नाही, हे त्याला सांगणारा कोणी नसतो. दुधाच्या उत्पादनखर्चाचा फार मोठा भाग खाद्यावर जातो. म्हणजे ज्या वस्तूवर त्याचा सर्वाधिक पैसा खर्च होतो, तीच तो डोळे मिटून विकत घेतो.

पशुखाद्याचा पुष्कळसा धंदा सचोटीचा आहे, हे येथे प्रथमच नमूद केले पाहिजे. मोठ्या कारखान्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा असतात, आणि सहकारी दूधसंघही आपल्या कारखान्यांत तपासणी करतात. परंतु आपल्याच मालाला आपणच दिलेला दाखला कितीही प्रामाणिक असला, तरी तो विकत घेणाराच्या हाती काही अधिकार देत नाही. वाद निर्माण झाला तर निवाडा कोणी करावयाचा, कोणत्या नमुन्यावर करावयाचा आणि तो नमुना कोणी व कसा काढावयाचा, हे प्रश्न तसेच राहतात.

खाद्यातील फसवणूक डोळ्यांना दिसत नाही, हीच मुख्य अडचण आहे. कोंडा, चुनी, सरकी, भुईमुगाची वा खोबऱ्याची पेंड एकदा दळून, मिसळून त्यांच्या कांड्या केल्या की आत काय गेले हे नजरेने ओळखता येत नाही. वाळूने वजन वाढते. भाताच्या तुसाची भुकटी पोते भरते, पण पोट पोसत नाही. प्रथिनांचा प्रकार तर अधिक चमत्कारिक आहे. प्रयोगशाळेत प्रथिने प्रत्यक्ष मोजली जात नाहीत. खाद्यातील नायट्रोजन मोजून त्यास ६.२५ ने गुणतात. ही रीत डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ केल्डाल याने १८८३ मध्ये बसवून दिली आणि ती आजही चालते. पण ज्याला ही रीत ठाऊक आहे त्याला हेही ठाऊक असते की, युरिया टाकला तरी नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिने फुगतात. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळून हाच डाव खेळला गेला, आणि त्याची किंमत तान्ह्या मुलांना मोजावी लागली. तेव्हा केवळ चाचणी आहे एवढ्याने भागत नाही. कोणत्या पदार्थाची, कोणत्या पद्धतीने चाचणी करावयाची, हेही नियमाने ठरलेले असावे लागते.

आणि प्रश्न केवळ फसवणुकीचा असता तरी एक वेळ चालले असते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक दगावले. शोधाअंती असे आढळले की, ब्राझीलमधून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत एका बुरशीने निर्माण केलेले विष होते. त्या विषालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. आपल्या देशालाही त्याची ओळख फार दिवस लांबली नाही. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल व राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाऊन गरीब आदिवासी कुटुंबे यकृताच्या विकाराने आजारी पडली. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. गावातील कुत्रीही त्याच रोगाने मेली होती.

उष्ण आणि दमट हवा ही या बुरशीची आवडती हवा. आषाढ-श्रावणात ज्या कोकणपट्टीत दारामागच्या चपलेलाही बुरशी येते, तेथे ओलसर गोदामातल्या पेंडीचे काय होत असेल हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. गाईने असे खाद्य खाल्ले की एका दिवसाच्या आत त्या विषाचा रूपांतरित अंश दुधात उतरू लागतो. खाद्य बदलल्यावर तो नाहीसा होण्यास तीन-चार दिवस लागतात. तो दूध तापवून नष्ट होत नाही. खाल्लेल्या विषाच्या साधारण एक-दोन टक्के भाग दुधात येतो असे धरले आणि गाईने प्रतिकिलो १०० मायक्रोग्रॅम विष असलेले ५ किलो खाद्य खाल्ले, तर आठ लिटर दुधात पाच ते दहा मायक्रोग्रॅम विष येईल. भारतातील कायदेशीर मर्यादा प्रतिकिलो दुधामागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एवढ्यानेच ती मर्यादा ओलांडली जाते. आणि दूध नापास ठरले तर शिक्षा भोगावयाची ती गोठेवाल्याने, ज्याने ते विष निर्माण केले नाही आणि ज्याला ते दिसूही शकत नव्हते!

ही काल्पनिक भीती नव्हे. केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातील १,१०३ शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळे धोकादायक ठरलेले नमुने अवघे १२ निघाले. परंतु अफ्लाटॉक्सिनची मर्यादा ओलांडणारे ३६८, म्हणजे ५.७ टक्के होते. हे विष दुधात खाद्य व चाऱ्यातून येते आणि त्यांवर देशात नियंत्रण नाही, हे प्राधिकरणाने त्याच वेळी मान्य केले. भेसळीच्या नावाने आपण ज्या गवळ्याकडे बोट दाखवितो, त्याच्याहून मोठा अपराधी पोत्यात लपलेला आहे, असाच या आकड्यांचा अर्थ होतो.

मग कायदा काय करतो? २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ‘अन्न’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीतून पशुखाद्य स्पष्टपणे वगळलेले आहे. भारतीय मानक संस्थेने गुरांच्या मिश्रखाद्यासाठी मानक तयार केले आहे. त्याच्या २००९ च्या आवृत्तीत ओलावा, प्रथिने, आम्लात न विरघळणारी राख इत्यादींच्या मर्यादांबरोबर अफ्लाटॉक्सिनसाठी प्रतिकिलो २० मायक्रोग्रॅम ही मर्यादा होती. परंतु मानक असणे वेगळे आणि ते सक्तीचे असणे वेगळे. जानेवारी २०२० मध्ये प्राधिकरणाने व्यापारी पशुखाद्याला या मानकाचे बंधन घालणारा निर्देश काढला खरा. पण त्याच्या अंमलबजावणीची मुदत पुढे वारंवार लांबविली गेली. पंजाब, हरयाणा यांसारख्या काही राज्यांनी आपापले आदेश काढून पाहिले. देशव्यापी असा खास पशुखाद्याचा कायदा मात्र झालेला नाही. विशेष हे की, माडाच्या मुळाशी घालावयाच्या खताच्या पोत्यातून नमुना कसा काढावा, किती पोती उघडावीत, नमुन्याचे किती भाग करावेत, हे सारे १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात तपशीलवार दिलेले आहे. बियाण्यांसाठी १९६६ मध्येच कायदा झाला. माडाला जे संरक्षण मिळाले ते गाईला मिळू नये, हे त्या समाजाला शोभत नाही जो दिवाळीच्या पाडव्याला गुरांच्या गळ्यात माळा घालून त्यांना ओवाळतो.

तथापि केवळ ‘खाद्य तपासा’ असा हुकूम काढून हा प्रश्न सुटणार नाही. चाचणीचे सारे मोल नमुन्यावर अवलंबून असते. प्रथिने मिश्रणात सर्वत्र साधारण सारखी पसरलेली असतात. बुरशीचे विष तसे नसते. शंभर पोत्यांतील एका पोत्याच्या एका कोपऱ्यात ते दाटलेले असते आणि बाकीचा माल निर्दोष असू शकतो. वरून मूठभर खाद्य उचलून पुडीत बांधले, तर विषारी माल निर्दोष ठरेल किंवा चांगला माल विनाकारण बदनाम होईल. प्रयोगशाळेतील यंत्र कितीही महागडे असले, तरी चुकीने काढलेला नमुना ते सुधारू शकत नाही.

युरोपातील राष्ट्रांनी हे अनुभवाने ओळखले. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये पशुखाद्यासाठी वापरलेल्या चरबीत विषारी तेल मिसळले गेले, ते कोंबड्या व अंड्यांत उतरले, दोन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले आणि त्यानंतरच्या निवडणुकीत सत्तारूढ आघाडीचा पराभव झाला. खाद्याच्या सरकारी तपासणीसाठी नमुना कसा काढावा आणि पृथक्करण कसे करावे, याचे तेथील नियम २००९ मध्ये एकत्रित झाले व २०१३ मध्ये नमुन्यासंबंधीचा भाग सुधारला गेला. त्यांतील हिशेब पाहण्यासारखा आहे. सुटा माल अडीच टनांपर्यंत असेल तर त्याच्या निरनिराळ्या भागांतून किमान सात वेळा थोडे थोडे खाद्य काढावयाचे. माल त्याहून अधिक असेल तर टनांच्या संख्येला २० ने गुणून त्याचे वर्गमूळ घ्यावयाचे. २० टन मालासाठी ते २० येते. बुरशीच्या विषासारखा पदार्थ शोधावयाचा असेल तर हीच संख्या अडीचपट, म्हणजे ५० करावयाची. हे सारे एकत्र करून किमान ४ किलोचा नमुना घडवावयाचा, तो नीट मिसळावयाचा आणि त्यातून प्रत्येकी किमान ५०० ग्रॅमचे अंतिम नमुने वेगळे करून मोहोरबंद करावयाचे.

या अंतिम नमुन्यांची वाटणी हा तर न्यायाचा प्राण होय. इंग्लंडमध्ये खत व पशुखाद्याविषयी १८९३ पासून कायदा आहे. १९७० च्या तेथील शेती कायद्यानुसार नमुन्याचे तीन सारखे भाग होतात. एक सरकारी पृथक्करणकाराकडे जातो, एक विक्रेत्याच्या बाजूस मिळतो आणि तिसरा तंट्याच्या निवाड्यासाठी जपून ठेवला जातो. आपल्या अन्न सुरक्षा कायद्यानेही माणसाच्या अन्नाच्या नमुन्याचे चार भाग सांगितले आहेत. म्हणजे तत्त्व आपणास परके नाही. ते गोठ्यापर्यंत पोहोचलेले नाही, एवढेच.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातील. पहिला, तपासणीमुळे खाद्य महाग होईल. परंतु निकस खाद्याने घटलेले दूध, गाभण न राहणारी गाय आणि केंद्रावर नाकारलेली घागर यांची किंमत गोठेवाला आजही मोजतोच आहे. ती फक्त कोणत्याही पावतीवर दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आणखी एक तपासनीस म्हणजे आणखी एक हात पुढे आला, असे व्यापारी म्हणतील, आणि त्यांच्या अनुभवाला आम्ही खोटे म्हणणार नाही. पण नेमक्या याच कारणासाठी नमुन्याचे नियम बारकाव्याने लिहिलेले हवेत. किती पोती उघडावयाची, ती कशी निवडावयाची आणि मोहोर कोणासमोर लावावयाची हे ठरलेले असले, की तपासनिसाची मर्जी चालत नाही. स्वतःच्या हाती मोहोरबंद भाग असलेल्या प्रामाणिक कारखानदाराला लाचेची धमकी भेडसावू शकत नाही. ढिसाळ नियमाचा लाभ लबाड व्यापारी व लबाड अधिकारी या दोघांनाच होतो.

गोव्याच्या राज्यकर्त्यांनी दिल्लीकडे बोट दाखवून स्वस्थ बसण्याचे कारण नाही. गुरांचा चारा, पेंड व इतर सघन खाद्य यांचा व्यापार आणि पुरवठा हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत ३३ व्या नोंदीत स्पष्ट शब्दांनी घातलेला आहे. म्हणजे त्यावर कायदा करण्याची वाट विधानसभेलाही मोकळी आहे. आमचे राज्य लहान आहे, आणि या कामी तो लाभच आहे: घाटापलीकडून येणारे खाद्य मोजक्या नाक्यांवरून उतरते, आणि सहकारी दूधसंस्थांचे जाळे गावोगाव आहे. प्रत्येक पोत्यावर घटक, प्रथिने, उत्पादनाची तारीख व खेपेचा क्रमांक असावा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत नमुने अधिक वेळा काढले जावेत. गोठेवाल्याला माफक शुल्कात नमुना काढून घेण्याचा हक्क असावा. आणि अहवालाला मुदत असावी. पोते संपल्यानंतर येणारा अहवाल केवळ दप्तराची भर करतो. तसेच खाद्य सदोष निघाल्यास त्या काळात नाकारलेल्या दुधाची भरपाई ज्याने ते खाद्य विकले त्याच्याकडून मिळावी, हे कलम तर अवश्य हवे.

विधानसभेच्या प्रत्येक अधिवेशनात दूध उत्पादकांविषयी कळवळ्याची भाषणे होतात आणि अनुदानाचे आकडे वाचले जातात. अनुदानाचा पैसा शेवटी ज्या पोत्यावर खर्च होतो, त्या पोत्यात काय आहे हे पाहण्याची व्यवस्था मात्र कोणी मागत नाही. पुढील पावसाळ्याच्या आत ती मागणी सभागृहात व्हावी आणि तिचे कायद्यात रूपांतर व्हावे. गोठेवाल्याने आपल्या दुधाची परीक्षा विनातक्रार स्वीकारली आहे. पोते विकणाराने आपल्या मालाची परीक्षा देण्यास आता कां कू करू नये.