जमिनीखालची लोखंडी भिंत: दूषित पाणी उपसायचं की जागेवरच बदलायचं?

दूषित जमीन आणि भूजल यावरच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटून जातात, म्हणून इथे निवांत वाचा.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. जमिनीत विष मुरलं, तर पंप लावून पाणी उपसायचं, शुद्ध करायचं, झालं काम. बरोबर? तसं करतातही. पण जमीन म्हणजे काही टाकी नाही. मातीच्या कणांना, चिकणमातीच्या थरांना ते रसायन चिकटून बसतं आणि हळूहळू पाण्यात उतरत राहतं. पंप वर्षानुवर्षं चालतो, विजेचं बिल येत राहतं, आणि पंप बंद केला की काही महिन्यांत आकडे पुन्हा चढतात. मग दुसरा विचार पुढे आला: पाणी वर आणण्यापेक्षा रसायनच खाली पाठवलं तर?

उदाहरण घेऊ क्रोमियमचं. याची दोन रूपं महत्त्वाची. क्रोमियम-सहा पाण्यात सहज विरघळतं आणि कर्करोगकारक आहे. त्याचा आयन ऋणभारित असतो. मातीच्या कणांवरही बहुधा ऋणभारच असतो, त्यामुळे माती त्याला फारसं धरून ठेवत नाही. ते पाण्याबरोबर वाहत जातं. क्रोमियम-तीन मात्र बरंच कमी विषारी असतं, आणि साधारण उदासीन पाण्यात ते घनरूप होऊन तिथेच बसतं. म्हणजे सहाचं तीन केलं की अर्धी लढाई जिंकली. दहावीच्या पुस्तकातलं 'क्षपण' आठवतंय? तेच. क्रोमियमला तीन इलेक्ट्रॉन द्यायचे, बास.

हे इलेक्ट्रॉन देणार कोण? साधं लोखंड!

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटीजवळ तटरक्षक दलाचा तळ आहे. तिथल्या इलेक्ट्रोप्लेटिंगच्या शॉपमधून क्रोमियम जमिनीत गेलं आणि भूजलाबरोबर पास्क्वोटँक नदीच्या दिशेनं सरकू लागलं. 1996 साली तिथे पाण्याच्या वाटेवर आडवा चर खणून त्यात लोखंडाचा दाणेदार चुरा भरला. सुमारे 46 मीटर लांब, 7.3 मीटर खोल आणि जेमतेम 0.6 मीटर रुंद. पंप नाही, वीज नाही. पाणी आपल्या गतीनं या भिंतीतून झिरपतं, लोखंड गंजतं, गंजताना इलेक्ट्रॉन देतं आणि क्रोमियम तिथेच अडकतं. त्याच पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन हे द्रावकही होतं. लोखंड त्यातला क्लोरीनही सोडवतं. आठ वर्षांनी तपासलं तेव्हाही भिंत क्रोमियम अडवतच होती.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळीकडे अशा भिंती का नाहीत? कारण भिंत फक्त तिच्यातून जाणारं पाणी सुधारते. मूळ दूषित माती तशीच राहिली तर विषाचा नळ चालूच. शिवाय गंज आणि क्षारांमुळे लोखंडाची धार कमी होत जाते. आणि प्रदूषण मैलोनमैल पसरलं असेल, तर चर खणणार तरी किती?

कॅलिफोर्नियातलं हिंकली हे असंच गाव. 'एरिन ब्रोकोविच' सिनेमामुळे अनेकांना माहीत असेल. पीजी अँड ई कंपनीच्या गॅस स्टेशनात कूलिंग टॉवर गंजू नयेत म्हणून क्रोमियम-सहा वापरायचे. ते सांडपाणी 1950 आणि 60 च्या दशकांत अस्तर नसलेल्या तळ्यांमध्ये सोडलं गेलं. 1996 मध्ये 33.3 कोटी डॉलरची तडजोड झाली. पण पैसे मिळाले म्हणून पाणी शुद्ध होत नाही. पुढे तिथे जमिनीत चक्क इथेनॉल सोडलं गेलं. जिवाणू ते खातात, ऑक्सिजन संपवतात, आणि त्या परिस्थितीत सहाचं तीन होतं. शिवाय दूषित पाणी उपसून लसूणघासाच्या शेतांना दिलं. तिथल्या मातीतही हेच घडतं.

पण इथे एक मेख आहे. ऑक्सिजन संपला की मातीतलं मँगनीज आणि आर्सेनिकही सुटून पाण्यात येऊ शकतं. म्हणून फक्त क्रोमियम मोजून चालत नाही.

उलटा धोकाही लक्षात घ्या. पेट्रोल किंवा द्रावकांनी माती दूषित असेल, तर पोटॅशियम परमँगनेट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी ऑक्सिडीकारकं वापरतात. ती त्या रेणूंचे तुकडे करतात. पण त्याच मातीत क्रोमियम-तीन निवांत बसलं असेल, तर तेच औषध त्याला पुन्हा सहा बनवू शकतं! आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर, एक बग फिक्स करताना दुसरा जागा झाला. म्हणून आधी माती तपासायची, लहान जागेवर प्रयोग करायचा, मगच मोठं काम.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल, तर तमिळनाडूतलं राणीपेट बघा. बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्यामागे लाखभर टनांहून जास्त कचरा उरला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. आणि हो, पाणी उकळून क्रोमियम जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

तेव्हा तुमच्या भागात कुणी 'जमीन शुद्ध केली' असं सांगितलं, तर तीन गोष्टी विचारा. मूळ स्रोत काढला का? उपचारानंतर नवीन काय काय सुटलं, ते मोजलं का? आणि काम थांबवल्यावर किती वर्षं तपासणी चालू राहणार? ही उत्तरं कागदावर मिळाली, तरच बोअरवेलचं पाणी प्यायचा विचार करा.

भेटू पुढच्या भागात!